काटोल रोडवरचा स्वर्ग

आमच्या घरमालकाला स्वर्ग कुठे आहे ते माहीत होतं. काटोल रोडवर, डाव्या हाताला. पण तो कोणाला दाखवत नसे.

बाकी सगळं दाखवायचा. पाताळाचा दरवाजा, जलपरीचं तळं, इंद्राचा दरबार, राक्षसाची गुहा. रविवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेला पायजमा घालून, काखेत छत्री मारून तो आमच्या इतवारीतल्या गल्लीच्या तोंडाशी उभा राही आणि जो सापडेल त्याला धरून नेई. दळण घेऊन निघालेल्या माणसालाही सोडत नसे. पीठ घेऊन पाताळ पाहून आलेले लोक आमच्या गल्लीत होते.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीत बसलो, उठलो, अन् हातगाडी धरली ती हात थकेपर्यंत. भांड्यांच्या ओळीतून, म्हणजे भांडीबाजारातून, पितळी गंज, पराती, गुंड भरायचे अन् मालधक्क्यावर नेऊन टाकायचे, हा धंदा. लिहायची सवय नाही. पण या उन्हाळ्यात बायको गेली, अन् घरी येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एकच बोलतो, “बाई स्वर्गात गेली.” मी ऐकून घेतो. त्यांचं तरी काय चुकतं, काहीतरी बोलावंच लागतं. पण स्वर्ग म्हटलं की मला काटोल रोड आठवतो, अन् काटोल रोड म्हटलं की हा माणूस. म्हणून लिहायला बसलो.

त्या काळी निळ्या घोड्याचे पिक्चर फार चालत. एकामागून एक निघाले. कुंभाराची एक पोरगी असते, तिच्या अंगणातल्या विहिरीतून निळा घोडा वर येतो अन् तिला पाठीवर घेऊन जातो. एका पिक्चरात पाताळात, एकात समुद्राच्या तळाशी, एकात राक्षसाच्या राज्यात. पिक्चर सगळे काळे-पांढरे. घोडा निळा आहे हे सगळे बोलत म्हणून कळायचं. तरी गल्लीतली पोरंसोरं घोडा किती निळा यावर मारामाऱ्या करत. आमचा घरमालक अशा वेळी मधे पडायचा. “आकाशासारखा नाही अन् मोरासारखा नाही. कपड्याले नीळ देतात ना, तसा. मले मालूम आहे. मीच लावून राहिलो होतो, बादलीनं. घोडा शिंकत होता.”

तो मुंबईला त्या पिक्चरांत चितारी होता. माणसं नाचतात, लढतात, त्यांच्या मागे जे मोठमोठे कापडी पडदे असतात, त्यावर डोंगर, महाल, झाडं काढायचं त्याचं काम. त्याचं म्हणणं असं, की निळ्या घोड्याच्या पिक्चरातलं सगळं नागपूर आहे. “मी पाताळ कुठी पाह्यलं होतं गा? शेठ म्हणे, पाताळाचा दरवाजा काढ. मी इथून गेलेला पोरगा. दरवाजा म्हटला का मले महालातलाच आठवे. तोच काढला. वर दोन नाग बसवले, झालं पाताळ.”

लोक हसत. समोरच्या पानठेल्यावर देवाजी नावाचा माणूस बसायचा. त्याची जीभ त्याच्या अडकित्त्याहून तेज होती. तो म्हणायचा, “मालक, मग त्या राक्षसाचं थोबाड कोनाचं काढलं? आमच्या सासऱ्याचं त नाही?”

“राक्षस माणूस होता, तो मी नाही काढला,” मालक म्हणे. “मी फक्त तो कुठी राहते ते काढलं.”

त्याची फेरी ठरलेली. आधी महालातला जुना दरवाजा. तिथे उभा करून तो म्हणे, “पाहून घ्या.” कोणी म्हटलं, “हा त रोजच पाहतो, भाजी घेऊन यातूनच येतो,” की त्याला राग येई. “पाह्यला नाही. यातून गेला. जाणं अलग, पाहणं अलग. पाहाले थांबा लागते.” मग शुक्रवारी तलाव. पाण्यात मधे जी झाडी आहे तिच्याआड जलपरी बसते, असं पिक्चरात होतं. तिथून कस्तुरचंद पार्क. त्या मैदानातली दगडी छत्री म्हणजे इंद्राचा दरबार. तिथे तो चपला काढायला लावी. बकऱ्या चरत असत, पत्त्यांचा डाव चालू असे, पण आम्ही दरबारात अनवाणी. पत्तेवाले ओळखू लागले होते. दुरूनच ओरडत, “या, इंद्रदेव बाहेर गेले आहेत, बसा.” शेवटी गिट्टीखदान. खाणीतला कापलेला काळा दगड दाखवून तो सांगे, इथे राक्षसाची गुहा. तिथे तो सगळ्यांना पाणी पाजायचा अन् पुढे जाणाऱ्या रस्त्याकडे, काटोलच्या दिशेला, तोंड करून थोडा वेळ उभा राहायचा. मग वळायचा. “चला घरी.”

“अन् स्वर्ग?” देवाजी मुद्दाम विचारे. कारण स्वर्गाचाही एक पिक्चर निघाला होता, शेवटचा, अन् तोच सगळ्यांत जास्त चालला होता.

“स्वर्ग या रस्त्यानं पुढे आहे. आज नाही.”

ते ‘आज नाही’ आम्ही कितीतरी वर्षं ऐकलं.

त्याचं घर पाहायला हवं होतं तुम्ही. आमच्या खोल्यांना आकडे नव्हते. दारांवर चित्रं. आम्ही पाताळात राहायचो, दारावर दोन नाग. शेजारी शिवणकाम करणारा जलपरीत. संडासाच्या दारावर ढग काढले होते. सकाळी तिथे रांग लागली की देवाजी समोरून ओरडे, “विमान कवा उतरते गा?” मालक एकटाच, वरच्या खोलीत. बायको नव्हती, केली नव्हती. त्याच्या खोलीच्या तीन भिंतींवर एक इंच जागा मोकळी नाही, अन् चौथी भिंत चुन्याने पांढरी, कोरी. त्या भिंतीला टेकूनही बसू देत नसे.

खोली आम्हाला कशी मिळाली तेही सांगतो. नवं लग्न झालेलं. माझ्यापुढे दोघं जण खोली मागून गेले होते, चांगले नोकरीवाले, त्यांना नाही म्हणाला. मी हातगाडीवाला. मी आशा सोडूनच गेलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या मागे पदर ओढून उभ्या असलेल्या बायकोला विचारलं, “कुठची आहेस पोरी?”

“काटोलकडची.”

“घरी झाडं?”

“हाव. संत्र्याची.”

“फांद्या वाकतात तवा टेकू कायचा लावता?”

ती घाबरली नाही. म्हणाली, “बांबूचा.”

“अन् बांबूच्या डोक्याले काय बांधता?”

“चिंधी. नाईतर फांदीची साल सोलते ना.”

त्याने किल्ली काढून तिच्या हातात दिली. माझ्या नाही. तिचं नाव गिरजा. मालकाला ती पहिल्या दिवसापासून ‘मामाजी’ म्हणायला लागली. आमच्याकडे सासऱ्याला म्हणतात तसं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याला बहर चांगला आला की झाडाला फळ पेलवत नाही. फांद्या जमिनीला लागतात, कधी मोडतात. म्हणून प्रत्येक मोठ्या फांदीखाली बांबू उभा करतात. दुरून बाग पाहिली तर वाटतं झाडं काठ्या टेकत उभी आहेत. अन् बांबू जिथे फांदीला लागतो तिथे काटोलकडचे काही लोक चिंधी गुंडाळतात, जुन्या लुगड्याची. सगळे नाही बांधत. गिरजाच्या घरी बांधत.

स्वर्गाचं प्रकरण त्याने तिलाच सांगितलं. मी बाजूला गाडीच्या चाकाला तेल घालत होतो, म्हणून ऐकलं. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिला आडून बोलता येत नव्हतं, तिने सरळ विचारलं, “मामाजी, लोकायले सारं दाखवता, मग स्वर्गच काहून नाई दाखवत?”

त्याने तिच्या तांदळातला एक खडा उचलून फेकला. मग म्हणाला, “तो राहिला का गेला, तेच मले मालूम नाही पोरी.”

झालं असं होतं. शेवटच्या पिक्चरासाठी शेठने त्याला स्वर्गातली बाग काढायला सांगितली. ज्या झाडाखाली जे मागावं ते मिळतं, तसल्या झाडांची. याने आयुष्यात फळांनी भरलेलं झाड एकाच ठिकाणी पाहिलं होतं. त्याच्या मामाची बाग काटोल रोडला होती. लहानपणी आई तिथे न्यायची. महिनाभर खपून त्याने मोठा पडदा काढला. झाडं अशी वाकलेली, फळं अशी लगडलेली, अन् फांद्यांखाली बांबूचे टेकू, टेकूला चिंध्या. शेठ आला, पाहिलं, म्हणाला, “बहुत बढ़िया. मगर स्वर्ग में ये डंडे किसलिए? पोंछ डालो.”

“मी म्हटलं, शेठ, फळ इतकं लागलं त टेकू पायजे. तो म्हणे, स्वर्गात फळाला वजन नसतं. म्हटलं, वजन नाही त मग ते फळ कायचं, फुगा आहे. तो म्हणे, पुसतो का दुसऱ्याले बोलावू? मी ब्रश डब्यात ठेवला. हात धुतले. नागपूरची गाडी पकडली.”

“अन् मग?”

“मग काय. दुसऱ्यानं पुसलं असंल. का नसंल पुसलं. मी पिक्चर पाह्यलाच नाही.”

“इथी लागला होता ना, सीताबर्डीले? काहून नाई पाह्यला?”

“पुसलेलं दिसलं असतं, त मी आयुष्यभराचा मूर्ख ठरलो असतो. न पाहता निदान अर्धा शहाणा आहो.”

म्हणून ती भिंत कोरी होती. इतर पडदे त्याने आठवून आठवून भिंतींवर काढले होते. हा काढायला त्याचा हात उचलत नव्हता. टेकू रंगवले अन् पिक्चरात नसले तर तो खोटा. नाही रंगवले तर शेठ जिंकला.

पिक्चर पाहिलेल्या माणसांना मात्र तो विचारी. आडून आडून. “बागेचं गाणं आहे ना गा त्यात, झाडं कशी होती?” देवाजीने तो पिक्चर दोनदा पाहिला होता. त्याने सांगितलं, “मालक, परी घागरा फिरवून नाचून राहिली होती. तवा झाडाकडे पाहणारा माणूस मी आंधळा समजीन.” सगळ्यांचं तेच. अख्ख्या नागपुराने तो पिक्चर पाहिला होता अन् झाड एकानेही पाहिलं नव्हतं.

मग त्याचे डोळे जायला लागले. आधी दिव्याभोवती कडं दिसतं म्हणाला, मग चालताना बाजूची माणसं खांद्याला लागायला लागली. धंतोलीत डोळ्याच्या डॉक्टरकडे मीच नेलं, हातगाडीवर पोती अंथरून, कारण रिक्षात बसायला तो तयार नव्हता. म्हणे, रिक्षावाला रस्ता आपल्या मनाने धरते. डॉक्टरने सांगितलं, काळा मोतिया आहे, म्हणजे काचबिंदू, गेलं ते परत येत नाही. परत येताना धंतोलीच्या कोपऱ्यावर एवढंच म्हणाला, “गाडी शुक्रवारी तलावावरून घे.”

त्यानंतर रविवारची फेरी माझ्या गाडीवर सुरू झाली. तो पोत्यावर छत्री उघडून बसलेला, मी ढकलतोय, गिरजा बाजूने चालतेय, मागे चार-दोन रिकामटेकडे. “डावीकडे घे, तळ्याचा वास आला.” दरवाजा आला की उतरायचा अन् दगडावर तळवा ठेवायचा. “पाहून घ्या,” म्हणायचा. एकदा चौकात पोलिसाने हात केला. विचारलं, गाडीत काय माल आहे. गिरजा म्हणाली, “इंद्राचा चितारी आहे साहेब. संभाळून न्या लागते.” त्याने सोडलं. इतर हमाल मला हसत. मला त्याची लाज कधी वाटली नाही. शहरात गाड्या हजार होत्या. इंद्राचा चितारी माझ्याच गाडीवर होता.

डोळे पुरते गेले तेव्हा तो बदलला. जेवण कमी केलं. कोऱ्या भिंतीपाशी बसायला लागला, टेकूनच. गिरजा भाकरी घेऊन वर गेली की म्हणे, “पोरी, पुसलं असंल का वं?” आधी पाहायची हिंमत नव्हती. आता पाहता येत नव्हतं, अन् जीव तिथेच अडकला होता. ती खाली येऊन मला म्हणाली, “हा मानूस असंच विचारत मरन, अवो. काही करा.” मी काय करणार. मी गाडी ढकलणारा.

तेवढ्यात सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये जुना पिक्चर लागला, दुपारच्या खेळाला. स्वर्गाचाच. देवाजीने पोस्टर पाहून येऊन सांगितलं. पहिल्यांदा त्याने थट्टा केली नाही.

वरून मालकाचा निरोप आला, “मी येतो. पण पाहणारी गिरजा. बाकी कोणी काही सांगायचं नाही. तुमाले परी दिसते.”

गिरजाने तो पिक्चर पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा लागला तेव्हा ती काटोलकडे पाटीत संत्री वेचत होती.

आम्ही आठ-दहा जण गेलो. मधे मालक, एका बाजूला गिरजा, दुसऱ्या बाजूला मी. अंधार झाला अन् ती सांगायला लागली, शेतात हाक मारतात तशा आवाजात. “विहीर आली मामाजी. घोडा निघाला.” पुढचा माणूस वळून म्हणाला, “ओ बाई, आमाले दिसते ना.” ती म्हणाली, “तुमाले दिसते त पाहा. यायले नाई दिसत.” तो माणूस मग पिक्चर संपेपर्यंत वळला नाही.

स्वर्ग मध्यंतरानंतर होता. रीळ जुनं, घासलेलं, पाऊस पडल्यासारख्या रेघा. घोड्याने उडी घेतली, ढग आले, गाणं सुरू झालं, अन् पट्टी तुटली. पडदा पांढरा. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. मालकाने माझा हात धरला होता. चिताऱ्याचा हात, बोटं बारीक, पण हाडं दुखली माझी. अशा जुन्या रिळांत तुटकं कापून पुढचं जोडतात, हे मला माहीत होतं. गाणंच गेलं असेल तर? त्यालाही माहीत असणार, त्याचा तो धंदाच होता.

गाणं मधूनच पुन्हा सुरू झालं. खरं सांगतो, मी परी पाहत होतो. चांगली होती. गिरजा पाहत नव्हती. ती उभी राहिली होती.

“बस वं बाई खाली,” मागून कोणी ओरडलं.

“मामाजी,” ती म्हणाली. “आहे.”

“काय आहे?”

“टेकू आहे.”

“कोन्या झाडाले?”

“साऱ्यायले आहे. पहिल्या झाडाले आहे, मागच्याले आहे. चिंध्या बी आहे.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड पडद्याकडे नव्हतं, खाली होतं. मला कळलं त्याच्या मनात काय आलं असेल. पोरगी मायाळू आहे. आंधळ्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलत असेल. पडद्यावर टेकू अन् चिंधी काढल्याचं तर त्यानेच तिला सांगितलेलं.

गिरजा तशीच उभी, पडद्याकडे पाहत. म्हणाली, “पन मामाजी, तुमी एक बरोबर नाई केलं. त्या टोकाच्या झाडाची चिंधी सुटून लोंबून राहिली. साल सोलन ना त्याची.”

मालक हसायला लागला. टॉकीजमध्ये, गाणं चालू असताना, तो माणूस एवढ्या मोठ्याने हसला की आजूबाजूचे सगळे पाहायला लागले. “ते मी मुद्दाम काढलं, पोरी. एक चिंधी सुटलेली. त्याच्याबिगर बागेत हवा आहे हे कळत नव्हतं.” ही सुटलेली चिंधी त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती. मला नाही, तिला नाही, देवाजीला तर नाहीच. मग माझा हात सोडून तो म्हणाला, “नाही पुसलं गा. शेठनं नाही पुसलं.”

काहून नाही पुसलं, ते कोणाला माहीत. दुसरा चितारी मिळाला नसेल. की त्या दुसऱ्या चिताऱ्यालाही झाड माहीत असेल. मालकाने त्याचा विचार केला नाही. बाहेर पायऱ्यांवर उभा राहून त्याने खेळ पाहून निघालेल्या अनोळखी लोकांना छत्री दाखवून सांगितलं, “स्वर्गातली झाडं पाह्यली का? टेकू पाह्यले? नाही पाह्यले? मग पुन्हा तिकीट काढा.” देवाजी पुढे झाला. म्हणाला, “मालक, मी दोनदा पाहून आंधळा, अन् तुम्ही न पाहता डोळस. पान खा.” अन् गिरजाला म्हणाला, “वहिनी, तुमी परी पाह्यली का नाई?” ती म्हणाली, “कोन्ती परी?”

पुढच्या रविवारी तो गिट्टीखदानला मागे वळला नाही. गिरजाच्या भावाचा ट्रक संत्रा मार्केटात माल उतरवून रिकामा परत जात होता. त्यात सगळी गल्ली चढली. दिवाळी होऊन गेलेली, आंबिया बहराचं फळ झाडावर होतं. मामाची बाग केव्हाच विकून गेली होती, म्हणून आम्ही गिरजाच्या बापाच्या बागेत गेलो. काटोल रोडवर, डाव्या हाताला.

त्याला उतरवलं. त्याने चपला काढल्या. आम्ही सगळ्यांनी काढल्या. काटे होते, तरी. तो हात पुढे करून चालला, पहिला टेकू हाताला लागला तिथे थांबला. खालून वर हात नेला, बांबूच्या गाठी मोजल्यासारखा, वर चिंधीपर्यंत. चिंधी चाचपली. मग आमच्याकडे वळून, आजवर चार ठिकाणी म्हणत आला तसंच म्हणाला, “पाहून घ्या. नुसते यातून गेलो म्हनू नका.”

आम्ही पाहिलं. मी हमाल माणूस, वजन कळतं. ती फांदी माझ्या गाडीइतकी भरली होती अन् एका काठीवर उभी होती. तेव्हा मला त्या शेठशी त्याचं भांडण कळलं.

देवाजीने विचारलंच, “मालक, अप्सरा कुठी आहे?”

माझी सासू धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, बसून गवत कापत होती. ती म्हणाली, “आहे ना इथीच. दात पडले तिचे.”

मालक पुढच्या झाडाशी गेला. टेकू हलवून पाहिला. “हा ढिला आहे.” गिरजा पदर खोचून गेली, एक दगड बुडाशी लोटला, टाचेने दाबला, खांदा लावून बांबू सरळ केला. “आता पाहा.” त्याने पुन्हा हलवला. हलला नाही. “आता ठीक,” म्हणाला. असे ते दोघं अख्खी ओळ गेले. तो हलवायचा, ती ठोकायची. माझा सासरा मला म्हणाला, “जावईबापू, हा मानूस रोज पाठवा.”

येताना गिरजाने मालकाला एक जुना बांबू दिला, डोक्याला चिंधीसकट. काठी म्हणून. छत्री सोडून तो मग तोच धरून हिंडला, मरेपर्यंत. कोरी भिंत कोरीच राहिली. रंगवायला डोळे नव्हते, अन् आता गरजही नव्हती. येणाऱ्याला तो तिच्यासमोर बसवायचा अन् सांगायचा, हा स्वर्ग आहे, आमच्या गिरजाने पाहिलेला. नवखा माणूस पांढऱ्या भिंतीकडे पाहत बसायचा. तो शांतपणे सगळी बाग सांगायचा, झाड अन् झाड, अन् शेवटी त्या सुटलेल्या चिंधीपाशी थांबायचा.

तो गेला. घर पुढे पाडलं, पाताळ, जलपरी, ढग सगळं मलब्यात गेलं. त्याची काठी आमच्याकडे राहिली. शेवटी गुडघे धरले तेव्हा गिरजा तीच घेऊन घरात चालायची. चिंधी तिने दोनदा बदलली. आता दारामागे आहे. परवा मुलगा म्हणाला, बाबा, टाकून देऊ का. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

अख्ख्या नागपुरात एका बाईने झाड पाहिलं, अन् ती माझ्या घरात होती. हे मी कोणाला सांगत नाही, आता लिहितो. परवा शेजारची बाई भेटायला आली. डोळे पुसत म्हणाली, “आजी स्वर्गात सुखानं बसल्या असतील.”

मी म्हटलं, बसली नसेल. तिला मी ओळखतो. पदर खोचला असेल, अन् टेकू हलवून पाहत ओळीने चालली असेल. त्या टोकाच्या झाडाची चिंधी तर तिने पोचल्याबरोबर बांधली असेल.